पाणी प्यायला आलेला वाटसरू

आमच्या घरात काकांना हाक मारायला नाव सोडून बाकी सगळे शब्द होते. दादा, म्हणजे माझे वडील, सरळ उंडगा म्हणायचे. आई जरा मऊ, ती म्हणायची, "पायाला भिंगरी हाय भावजींच्या." शेजारच्या मावशी तर काका समोर बसलेले असतानाच बारा पिंपळावरचा मुंजा म्हणून मोकळ्या व्हायच्या. काका हसायचे. "मुंज्याला बारा पिंपळ तरी असतेत हो," म्हणायचे, "मला एक बी न्हाई." आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचे.

काका दादांचे धाकटे सख्खे भाऊ. लग्न केलं नाही, शेतात रमले नाहीत, कुठल्या नोकरीत दोन पावसाळे काढले नाहीत. आम्ही लोह्यात राहायचो, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. दादा शाळेत कारकून. स्टँड जवळ म्हणून येणारे-जाणारे पाणी मागायला दारात यायचे, त्यांच्यासाठी तांब्या-पेला दाराशी भरूनच असायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मी शिक्षिका आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काका तंबूच्या सिनेमात कामाला होते. ज्या गावात थेटर नाही तिथं तंबू ठोकायचा, आठ-पंधरा दिवस पिक्चर दाखवायचे, की तंबू गुंडाळून पुढच्या गावाला. काका खुंट ठोकायचे, रिळांचे डबे उचलायचे, आणि दुपारच्याला जीपला भोंगा लावून गावभर पुकारत फिरायचे. आवाज असा, की तापलेल्या दुपारी झोपलेलं माणूस उठून बसावं. "माय-माउल्यांनो, लेकराबाळांना घेऊन या! बायकांना बसायला येगळी जागा, अन् माठात थंड पाणी फुकट!" हे माठाचं मालकाने सांगितलेलं नव्हतं. काकांनी स्वतःच जोडलं होतं, आणि मग रोज तो माठ भरायचं काम पण त्यांच्याच गळ्यात पडलं.

वर्षातून तीन-चारदा ते घरी यायचे. कधी येणार याचा पत्ता नसायचा. दार उघडंच असायचं. आत पाऊल टाकलं की मागे न बघता हात वर जायचा आणि दारामागच्या खुंटीला पिशवी अडकायची. तंबूच्या जुन्या कापडाची पिशवी होती ती, एका बंदाला लाल ठिगळ लावलेलं. मग म्हणायचे, "वहिनी, पाणी." आणि मग मला हाक, "बाळे, ये इकडं." माझ्यासाठी रेवड्यांची पुडी ठरलेली. दादा वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे ते जेवायची वेळ होईपर्यंत खाली घ्यायचे नाहीत.

एकदा हिवाळ्यात आम्ही सगळे माळेगावच्या जत्रेला गेलो होतो. काकांनी आम्हाला तंबूत अगदी पुढे बसवलं, खाली पोतं टाकून. पिक्चर होता एका फिरस्त्याचा. त्याला घर नाही, दार नाही, गावोगाव फिरतो, कुणाचं तरी भलं करतो, आणि ज्या पोरीवर जीव जडतो तिचा बाप त्याच्या तोंडावर दार लावतो. शेवटी तो रस्त्याने पाठमोरा चालत निघाला तेव्हा तंबूतल्या बायका हुंदके देऊन रडल्या. आई पदराने नाक पुसत होती. "बिचाऱ्याला कुणी म्हून न्हाई गं." मी तर हमसून हमसून रडले. आणि त्याच वेळी तंबूच्या मागं वारं सुटलं म्हणून माझे काका दोन्ही हातांनी दोर धरून उभे होते. दुसऱ्या दिवशी ते घरी आले, आईने भाकरी वाढली आणि दुसरा घास घ्यायच्या आत विचारलं, "भावजी, कवा जाणार?"

आता हसू येतं, पण तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, खरं सांगते. पडद्यावरचा तो फिरस्ता, आपला तो उंडगा. दोन्ही शब्द एकाच माणसाचे असू शकतात हे डोक्यातच शिरलं नव्हतं. तेरा वर्षांची असेन. मी काकांना म्हणाले, "मी लग्न करीन तर असल्या फिरस्त्याशीच करीन." काका खो खो हसले. "नको गं माय! पडद्यावरच्याचे पाय दुखत न्हाईत. खऱ्याचे लई दुखतेत."

मग माझ्या लग्नाचं बघायला लागले. पहिलं स्थळ आलं, दादांनी घरातली सगळी माणसं खरी खरी सांगितली. निरोप आला, नको. दुसरं आलं, तेही परत गेलं. मध्यस्थाने दादांना बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या भावाचं ऐकलं की लोक बिचकतेत, घराण्यातच उंडगेपणा हाय म्हणतेत. त्या दिवशी दादांनी आम्हाला दोघींना समोर बसवून बजावलं, "इथून पुढं कुणी विचारलं तर काका हैदराबादला कंपनीत हायत. रजा मिळत न्हाई. समजलं?" समजलं की. हैदराबाद हे आमच्याकडे फार सोयीचं गाव आहे, तिथं कुणालाही पाठवता येतं.

तिसरं स्थळ लातूरचं. मुलगा सरकारी कचेरीत, आणि सोबत त्याचे वडील आणि मामा. कांदेपोहे झाले होते, मी चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत उभी होते. मामांनी नुकतंच विचारलं होतं, "अन् तुमचे बंधू कुठं असतेत?" दादांनी हैदराबाद म्हणून तोंड मिटलं न मिटलं, तोवर काका आत आले.

त्यांना काही माहीत नव्हतं. धुळीने केस पांढरे झालेले, शर्टाची कॉलर फाटलेली, पायात टायरची चप्पल. नेहमीसारखा हात मागे गेला, पिशवी खुंटीला अडकली. मग समोर पाहुणे दिसले आणि ते जागच्या जागी थांबले. हातात रेवड्यांची पुडी.

"हे कोण?" मामांनी विचारलं.

दादा खाली बघायला लागले. आईचा श्वास आतून ऐकू येत होता. आणि मी, जिला त्या खोलीत कुणी काही विचारलेलंच नव्हतं, मी बोलले. "कुणी न्हाई. वाटसरू असतील. स्टँड जवळ हाय ना, पाणी प्यायला येतेत लोकं."

किती सफाईने बोलले! आवाज कापला नाही, ट्रेमधला एक कप हलला नाही.

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. मला राग चालला असता. त्यांनी खोलीकडे एक नजर टाकली, पोह्यांच्या बशा, माझी जरीची साडी, दादांची खाली गेलेली मान, आणि त्यांना सगळं कळलं. दोन्ही हात जोडून पाहुण्यांना म्हणाले, "हाव जी. वाटसरू हाय. पाणी प्यायला थांबलो व्हतो." मीच पेला भरून दिला. त्यांनी उभ्या उभ्या, परक्यासारखं, वरून पाणी प्यायलं, पेला विसळून पालथा ठेवला. "लई उपकार झाले, बाई," म्हणाले. मला! खुंटीवरची पिशवी काढली आणि गेले. रेवड्यांची पुडी हातातच होती. वाटसरू कशाला रेवड्या देईल?

स्थळ जमलं. दादा त्या दिवशी जेवताना म्हणाले, "तू बोललीस ते बरं झालं." उभ्या जन्मात त्यांनी माझं कौतुक दोन-चारदाच केलं असेल, त्यातलं हे एक.

काका परत आले नाहीत. लग्नात मी अंतरपाटाच्या अलीकडून सारखी मांडवाच्या दाराकडे बघत होते. पत्रिका पाठवायची तर कुठे? तंबूचे सिनेमे तोवर बंद पडत आले होते, त्यांचा ठावठिकाणा कुणालाच नव्हता. कुणी म्हणालं उदगीरकडे दिसले, कुणी म्हणालं लातूरला डाळमिलवर पोती उचलतात. लातुरात तर मीच राहायला आले होते. कित्येक वर्षं मी डाळमिलच्या रस्त्याने जाताना स्कूटी हळू करायचे, पोती पाठीवर घेतलेल्या माणसांची तोंडं बघायचे. उतरून विचारलं मात्र एकदाही नाही. काय विचारणार, माझे काका इथं आहेत का? नवऱ्याच्या लेखी माझे काका हैदराबादला होते. खोटं एकदा बोललं की त्याला रोज दाणापाणी घालावं लागतं. दादा गेले तेव्हा शेवटचे पंधरा दिवस दार जरा वाजलं की म्हणायचे, "बघ गं, कोण आलंय." वाऱ्याने वाजायचं.

आणि मग बघता बघता जग उलटं झालं. उंडगा हा शब्दच कुणी वापरेना. माझा मुलगा पुण्याला शिकतो. सुट्टीत आला तर छातीवर मोठ्या अक्षरांत 'भटक्या' लिहिलेला टीशर्ट. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, "आई, तुला नाही कळणार, ती एक वृत्ती आहे." मला नाही कळणार! पाठीवर महागडी सॅक, परतीचं तिकीट खिशात, आणि ही वृत्ती. आमच्या शाळेच्या दाखल्यांवर हाच शब्द, भटकी जमात म्हणून, कितीतरी लेकरांच्या नावापुढे असतो. त्यातली एक मुलगी जूनमध्ये वर्गात आली आणि चप्पल काढायच्या आत मला सांगायला लागली, "बाई, आमी औंदा कुठंच जाणार न्हाई, बापानं पत्र्याची खोली घेतलीय." तिचा चेहरा बघायला हवा होता. तिला तो टीशर्ट फुकट दिला तरी तिने घातला नसता.

त्याच सुट्टीत मुलाने मोबाईल माझ्यासमोर धरला. "बघ ना, काय भारी माणूस आहे." कुणीतरी नांदेडच्या घाटावर काढलेली रील होती. पांढऱ्या दाढीचा म्हातारा पायरीवर बसलेला, मागे नदी, वर बासरीचं संगीत. खाली लिहिलेलं, 'खरा मुक्त माणूस'. काढणाऱ्याने विचारलं, बाबा, जुन्या काळातलं काहीतरी म्हणून दाखवा. म्हाताऱ्याने घसा खाकरला, हाताचा भोंगा केला. "माय-माउल्यांनो, लेकराबाळांना घेऊन या! बायकांना बसायला येगळी जागा, अन् माठात थंड पाणी फुकट!"

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं.

मुलगा म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, परत लाव. त्याने परत लावलं. खाली लोकांनी बदामांचा पाऊस पाडला होता. राजा माणूस, असं जगता आलं पाहिजे, ना कसली चिंता ना काही. मी चार वेळा बघितलं तेव्हा दिसला तो पाय. उजवा. घोट्यापासून बोटांपर्यंत फडकं गुंडाळलेलं, काळं पडलेलं, वर पोटरी टरारून सुजलेली. इतक्या लोकांनी तो माणूस बघितला आणि पाय कुणालाच दिसला नाही. चिडून काय उपयोग? मी तरी आधी कुठे बघितला होता?

आमच्या ह्यांना मी सांगितलं, नांदेडला दर्शनाला जायचंय. म्हणजे परत खोटंच. पन्नाशी ओलांडली तरी खोड जात नाही. हे म्हणाले, "चल, मी पण येतो." नको म्हणायला कारण सापडलं नाही. सकाळच्या एसटीने निघालो. अख्ख्या रस्त्यात मी ठरवत होते, लोहा आलं की सांगायचं. लोहा आलं, स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली, आमची गल्ली दिसत होती, आणि मी ह्यांना म्हटलं, शेंगा घेता का?

घाटावर एका फुलवालीला विचारलं. ती म्हणाली, "भोंगेवाले बाबा? ते गुरुद्वारात लंगरला जेवायला जायचे रोज. पाय लई वाढला त्यांचा, सेवेकऱ्यांनीच दवाखान्यात नेलं परवा." ह्यांनी काही विचारलं नाही. रिक्षाला हात केला आणि म्हणाले, "सरकारी दवाखाना."

वॉर्डात शेवटून दुसरी खाट. किती लहान झाले होते काका! उशाला तीच पिशवी. लाल ठिगळ विटून गुलाबी झालं होतं. मी जवळ जाऊन उभी राहिले, मागे हे. सिस्टर कागद घेऊन आल्या. "पेशंटच्या कोण तुम्ही? नातेवाईक कुणी येतच नाही म्हणून नोंद करायची राहिलीय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, ओळखलं. अगदी बाळेच म्हणतील असं वाटलं मला. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. केस पिकलेले, चष्मा लागलेला, तरी त्यांनी ह्यांना ओळखलं. मला दिसलं ना, चेहरा एकदम सावध झाला. त्या खाटेवर, तसल्या तापात, त्यांनी दोन्ही हात जोडले आणि सिस्टरला म्हणाले, "ह्या कुणी न्हाईत माझ्या. मी वाटसरू हाय. ह्यांच्या घरी एकदा पाणी प्यायला थांबलो व्हतो."

इतकी वर्षं त्यांनी माझं खोटं सांभाळून ठेवलं होतं. माझ्यापेक्षा नीट.

"पुतणी," मी म्हणाले. "सख्खी पुतणी. लिहा, सिस्टर." आणि मग मला काही सुधरलं नाही, मी खाटेच्या दांडीला धरून वॉर्डभर ऐकू जाईल असं रडले. तंबूत रडले होते तशी. फक्त या वेळी माणूस खरा होता.

ह्यांनी मला बाहेर बाकावर आणून बसवलं. बाटलीतलं पाणी दिलं. मी म्हटलं, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"मला माहीत आहे," हे म्हणाले. "त्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?" मी विचारलं.

"अगं, मी अर्धा तास तुमच्या त्या खोलीत बसलो होतो, मला दारामागची खुंटी दिसली नव्हती. हा माणूस आला आणि न बघता पिशवी अडकवली. वाटसरू असं करतो का?"

"अन् तुमचे वडील? मामा?"

"मामांना मी वाटेत सांगितलं. ते म्हणाले, असू दे रे, आपल्या घरात काय असले कमी हायत का?"

"मग बोलला का न्हाईत मला? इतक्या वर्षांत?"

"तू 'कुणी न्हाई' म्हणालीस. वाटलं, घरात काही भानगड असेल, कधीतरी सांगशील. मग वर्षं गेली आणि विचारायचीच लाज वाटायला लागली."

म्हणजे कुणालाच काही फरक पडणार नव्हता. लग्न जमणारच होतं. काका त्या दिवशी पाटावर बसून आमच्याबरोबर पोहे खाऊ शकले असते.

पाय कापावा लागला. मी शाळेतून रजा काढली आणि नांदेडला राहिले. दुपारी वॉर्ड शांत असायचा तेव्हा काका थोडं बोलायचे. मी माफी मागितली, एकदा नव्हे, रोज. ते म्हणायचे, "कामून रडून राहिली? तू पाणी पाजलंस की गं. लोकं तेवढं बी करत न्हाईत." मी विचारलं, "अन् त्या रेवड्या?" तर म्हणाले, "स्टँडवर बसून खाल्ल्या की. लई ताज्या व्हत्या." मी कितीदा सांगितलं, ह्यांना सगळं माहीत आहे, आता लपवायचं काही नाही. मान हलवायचे. पण हे वॉर्डात पाऊल टाकायचे तेव्हा काकांचं बाळे एकदम थांबायचं आणि ते मला बाई म्हणायला लागायचे. शेवटपर्यंत.

डॉक्टर म्हणाले होते, जखम भरली की घरी नेता येईल. ह्यांनी लातूरला जाऊन मुलाची खोली आवरून घेतली. भिंतीवर लावलेली त्याची डोंगरदऱ्यांची चित्रं मुलाने स्वतःच उतरवली. त्याला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. फ्लॅटच्या दारामागे ह्यांनी एक खुंटी ठोकली. मला फोन करून विचारलं, "किती उंचावर ठोकू? त्यांचा हात कुठपर्यंत जायचा?" मी उभी राहून दवाखान्याच्या भिंतीवर हात लावून बघितला आणि सांगितलं.

जखम भरली नाही. दहाव्या दिवशी पहाटे काका गेले. कागदावर नात्याच्या रकान्यात पुतणी होतं म्हणून त्यांना माझ्या ताब्यात दिलं. गोदावरीच्या काठी ह्यांनीच अग्नी दिला.

खुंटीवर आता नुसती पिशवी आहे. दार लावलं की दिसते, उघडलं की दारामागे जाते. आलेलं माणूस बसलं की दार लोटलं जातं आणि कुणीतरी विचारतंच, ही कुणाची हो पिशवी? मी स्वयंपाकघरातून सुद्धा ओरडून सांगते. माझ्या काकांची. माझ्या सख्ख्या काकांची. मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर त्या दिवशी एवढंच सांगायचं होतं.